जवळच्याशी हळू

पहिले आठ दिवस मास्तरांनी मला एकही बटण दाबू दिलं नाही. महाप्याच्या एमआयडीसीत एका तीन मजली गाळ्यांच्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. मी इंजिनियरिंग संपवून साताऱ्याहून नुकतीच आले होते. कोपरखैरण्यात तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते आणि पहिल्याच नोकरीत काहीतरी करून दाखवायची मला घाई झाली होती. मास्तरांनी मला एका पडद्यासमोर बसवलं. हवेत कुठल्या लहरीवर किती गोंगाट चाललाय ते त्या पडद्यावर हिरव्या रेषेत दिसायचं. शेजारी शंभर पानी वही ठेवली आणि म्हणाले, कोण बोलतंय ते लिही.

मी लिहीत बसले. समोरच्या ऑफिसचं वायफाय. खालच्या गेटचा रिमोट. कुणाच्या तरी कानातलं ब्लूटूथ. दुपारी एकच्या सुमाराला पडद्याचा मधला भाग उकळी फुटल्यासारखा हलायला लागायचा. ते काय आहे हे शोधायला मला तीन दिवस लागले. कॅन्टीनमधला मायक्रोवेव्ह होता, त्याचं दार नीट बसत नव्हतं. हे मी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांना ते चार वर्षांपासून माहीत होतं. एकदा सकाळी लवकर आले, ऑफिसात कोणी नव्हतं, रेषा सरळ होती, तेव्हा मी वहीत 'कोणी नाही' असं लिहिलं. त्यांनी पेन्सिलीने त्यावर रेघ मारली. कोणी नाही असं कधीच नसतं, आपल्याला ऐकू आलं नाही असं लिही, म्हणाले.

प्रत्येक नव्या माणसाला या परीक्षेतून जावं लागायचं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं.

आम्ही बिल्ले बनवायचो. मोठ्या कारखान्यांत लोखंडी टाक्या आणि पाइप यांच्या दाटीत मोबाइलची रेंज नीट पोचत नाही. तिथे प्रत्येक कामगाराच्या छातीवर एक बिल्ला लावायचा. मधे टॉवर वगैरे काही नाही, बिल्ला थेट शेजारच्या बिल्ल्याशी बोलतो. दर दोन सेकंदांनी 'मी इथे आहे' एवढंच सांगतो. कोणी पडला, हलेनासा झाला, की त्याचा बिल्ला तसं शेजारच्याला कळवतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि असं करत निरोप कंट्रोल रूमपर्यंत जातो. कल्पना साधी होती. अडचण एवढीच की सगळे बिल्ले एकाच हवेत बोलतात. दोघं एका वेळी बोलले की ऐकणाऱ्याला दोघांचंही कळत नाही. पुस्तकात याला इंटरफिअरन्स म्हणतात. मास्तर 'कालवा' म्हणायचे. त्यांच्यामुळे आमच्या प्रोग्रॅममधल्या एका फाइलचं नाव 'कालवा' होतं, आणि ते अजून तेच आहे.

मास्तर सारसोळ्याचे कोळी. त्यांचे दोन भाऊ तेव्हाही खाडीत होड्या घालत होते. हे एकटेच आयटीआयला गेले, रेडिओ दुरुस्ती शिकले आणि पुढची वीस-बावीस वर्षं वॉकीटॉकी खोलण्यात घालवली. डिग्री नव्हती. पण जगभरातले लोक या विषयावर जे शोधनिबंध लिहितात ते माझ्याकडून छापून घ्यायचे आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचे. निबंधाच्या सुरुवातीला लेखकाने जे जे गृहीत धरलेलं असेल त्याभोवती ते पेन्सिलीने गोल करत. एकदा असाच एक गोल माझ्यासमोर धरला. सगळी यंत्रं एकमेकांपासून सारख्या अंतरावर आहेत असं धरू, असं तिथे लिहिलं होतं. मास्तरांनी विचारलं, "तळोज्याच्या कारखान्यात कोन उभं राहतं सारख्या अंतरावर?"

ऑफिसात ते आमच्यासारखंच बोलायचे, पण चिडले किंवा फार विचारात असले की ण चा न व्हायचा आणि आहे चा हाय. त्यावरून त्यांचा मूड ओळखायचा, असं मला माझ्या आधीच्या मुलाने पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. चिडल्यावर आवाज वाढत नसे. त्यांचा आवाज वाढलेला मी कधीच ऐकला नाही. ते इतकं हळू बोलत की समोरच्याला पुढे वाकावं लागे. फोनवर तर पलीकडचा माणूस सारखा हॅलो, हॅलो करत राही आणि हे शांतपणे तेच वाक्य पुन्हा त्याच आवाजात म्हणत. जेवायला वेगळ्या टेबलावर बसायचे. मला आधी वाटलं, डब्यात सुकट आणि तांदळाची भाकरी असते, ऑफिसात दोघं-तिघं वासाची तक्रार करतात, म्हणून असेल. पण तसं नव्हतं. एका टेबलावर दोन माणसं एकदम बोलायला लागली की त्यांना घास जायचा नाही. कोणी आग्रहाने बोलावलंच तर येऊन बसत आणि बोट वर करून म्हणत, एकेक. मोठमोठी माणसं खरंच थांबायची. डबा मात्र गारच खायचे, चाचणीच्या वेळात मायक्रोवेव्ह लावायचा नाही हा त्यांचाच नियम होता.

पुढे एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा उलगडा झाला. जेटीपासून पाच मिनिटांवर घर. तीन भावांचं एकत्र कुटुंब, टीव्ही चालू, एक भाऊ वरच्या मजल्यावरून खालच्याशी बोलतोय, पुतण्या दारातून रस्त्यावरच्याशी. काकूंनी वाढता वाढता सांगितलं, "यांचा आवाज घरात कोनाला ऐकू येतच नाय. लग्नानंतर म्हयनाभर मला वाटलं, मानूस मुका हाय."

त्यांची सगळी विद्या या घरातून आणि खाडीतूनच आली होती. भावांच्या होड्यांवर त्यांनीच जुने वॉकीटॉकी सेट दुरुस्त करून बसवले होते. एका चॅनलवर दहा-बारा होड्या, आणि प्रत्येकाची समजूत अशी की सेटची ताकद जितकी जास्त तितकं बरं. त्यामुळे हाकेच्या अंतरावरच्या होडीला जाळं आवर असं सांगायचं असलं तरी ते पार ऐरोलीपर्यंत जायचं आणि तिकडच्या कुणाचं तरी बोलणं तुडवायचं. मास्तरांनी प्रत्येक सेटच्या बटणाशेजारी पांढऱ्या रंगाने एक खूण केली आणि भावांना सांगितलं, जवळच्याशी हळू. शेजारची होडी असेल तर बटण खुणेच्या वर न्यायचं नाही. हा नियम पाळायला भावांनी दोन वर्षं घेतली. मग एकदा पाळायला लागल्यावर त्यांनी मास्तरांना येऊन विचारलं की खाडी एवढी शांत कशी काय झाली.

बिल्ल्यांमध्येही त्यांनी तेच केलं. प्रत्येक बिल्ल्याने आधी ऐकायचं, सगळ्यात जवळचे तीन-चार शेजारी कोण ते ओळखायचं, आणि त्यांना जेमतेम ऐकू जाईल एवढ्याच ताकदीने बोलायचं. ताकद कमी केल्यावर जास्त लोकांना ऐकू येतं हे माझ्या डोक्यात लवकर शिरेना. मग त्यांनी आम्हा तिघांना इमारतीच्या जिन्यात उभं केलं. मी तळमजल्यावर, एकजण वरच्या मजल्यावर, आमचा अकाउंटंट मधल्या जिन्यात. मला आणि वरच्याला एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघंही निर्धास्तपणे एकाच वेळी अकाउंटंटशी बोलत होतो. त्याला दोघांचंही ऐकू येत होतं, आणि कळत काहीच नव्हतं. मास्तर म्हणाले, समोरचा गप्प आहे असं तुला वाटतंय, म्हणून तू बोलतेस. तो गप्प नाही, तो तुझ्यापासून लांब आहे. त्या दिवसापासून मला हवा दिसायला लागली असं म्हटलं तरी चालेल. अकाउंटंटने मात्र पुन्हा कुठल्या प्रयोगाला यायला नकार दिला.

तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात आमची पहिली मोठी चाचणी होती. दोनशेच्या वर बिल्ले. तिथे महिनाभर आम्ही दोघं रोज जायचो. मास्तर एका बांबूला छातीच्या उंचीवर बिल्ला बांधून टाक्यांच्या मधून फिरत, दर दहा पावलांवर थांबत आणि वहीत आकडा लिहीत. मग तोच बिल्ला स्वतःच्या छातीवर लावून पुन्हा तसंच. माणूस म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, मागे उभ्या असलेल्याला तुझं अर्धंच ऐकू जातं, हे त्यांनी मला सांगितलं. मग गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यालाही सांगितलं आणि त्याला दर पाच मिनिटांनी गोल फिरायला लावलं. सिक्युरिटीवाला बिचारा पाठ करून उभा असताना एक ट्रक तसाच आत गेला. त्याबद्दल दोघांनाही बोलणी खावी लागली.

चाचणी चांगली चालली होती. मास्तरांनी ताकदीचा आकडा ठरवला होता, आणि तो बदलायचा नाही असं मला बजावलं होतं. निरोप एका बिल्ल्यावरून दुसऱ्यावर टप्प्याटप्प्याने जात होता. आमच्या डायरेक्टरसाहेबांना ते पसंत नव्हतं. त्यांनी माहितीपत्रकात छापून टाकलं होतं की आमचा एक बिल्ला थेट एक किलोमीटरवरच्या बिल्ल्याशी बोलतो. पूर्ण ताकदीवर, मोकळ्या मैदानात, दोनच बिल्ले असतील तर ते खरंही होतं. कारखान्याच्या मुख्य ऑफिसातून माणसं पाहणीला येणार होती आणि साहेबांना त्यांना गेटवरून थेट टाकीपर्यंत बोलून दाखवायचं होतं. मास्तर नाही म्हणाले. दोन्ही पाळ्यांची माणसं गेटवर जमली की काय होईल ते त्यांनी समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि आमच्या सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, या काही तुमच्या खाडीतल्या होड्या नाहीत."

मास्तरांनी वही मिटली, डबा पिशवीत टाकला आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. त्यांचं असंच होतं. भांडण त्यांना जमायचं नाही. मनाला लागलं की बोलणंच बंद करायचे, एकदा तर काकूंशी म्हणे पंधरा दिवस बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. उद्या पाहणी आहे, ताकद वाढव, पाहणी झाली की परत कमी कर. मी म्हटलं, मास्तरांना विचारते. साहेब म्हणाले, तू इंजिनियर आहेस ना? मी चोवीस वर्षांची होते. ते वाक्य मला आवडलं, हे मी कबूल करते. ऑफिसातून कारखान्याच्या कॉम्प्युटरला जोडणी होती. पाच वाजता मी आकडा बदलला. थोडे बिल्ले चालू होते, सगळ्यांचं सगळ्यांना छान ऐकू येत होतं. मास्तर उगाच घाबरवतात असंही मनात येऊन गेलं. मग मी घरी गेले.

सकाळी सात वाजता कारखान्यात पाळी बदलते. रात्रीपाळीची माणसं निघायला आणि सकाळची आत यायला गेटपाशी जमली. सगळ्यांच्या छातीवर पूर्ण ताकदीने बोलणारे बिल्ले. त्याच वेळी पलीकडच्या टोकाला केशव नावाचा कंत्राटी कामगार टाकीच्या शिडीवरून उतरताना घसरून पडला. मांडीचं हाड मोडलं, शुद्ध गेली. डावा हात पाइपाच्या एका गळक्या जोडाखाली आला. त्यातून ऍसिडचे थेंब पडत होते.

त्याचा बिल्ला बोलला. नंतर नोंदी काढल्या त्यात दिसलं, तो चारशेहून जास्त वेळा बोलला. पाळी बदलत असल्यामुळे जवळपास माणूस नव्हता, निरोप पुढे न्यायला आम्ही भिंतींवरही काही बिल्ले लावले होते, त्यातल्या एकापर्यंत काही हाका पोचल्या, आणि पुढे गेटवरच्या कालव्यात हरवल्या. मास्तरांच्या आकड्यावर गेटवरची कुजबुज गेटवरच राहिली असती. सोळा मिनिटांनी एक कामगार व्हॉल्व्ह बघायला तिकडे गेला, त्याला केशव दिसला. पाय जोडता आला. डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

मला हे नऊ वाजता ऑफिसात कळलं. मी खुर्चीतून उठले आणि कुठे जायचं ते न सुचून जिन्यात जाऊन बसले. मास्तर दहाला आले. कोणीतरी त्यांना फोन केला होता. ते माझ्या शेजारून वर गेले.

दोन दिवसांनी कारखान्यात बैठक झाली. त्यांचे सुरक्षा अधिकारी, आमचे साहेब, मास्तर आणि मी. साहेब म्हणाले, बॅटरीचा दोष असावा असं प्राथमिक चौकशीत दिसतंय. मास्तरांनी बोट वर केलं. नेहमीसारखेच हळू बोलले, सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"बॅटरी नाय. ताकद वाढवलेली. हिने वाढवली. साहेबांनी सांगितलं म्हनून वाढवली. आनि मी जागेवर नव्हतो, रुसून घरी बसलेलो. तिघांचं मिळून झालंय."

मी तेव्हा त्यांचा इतका राग केला की आज सांगताना लाज वाटते. त्यांनी मला वाचवायला हवं होतं असं नाही, पण माझं नाव पहिलं घ्यायला नको होतं, असं काहीतरी. रडत रडत आईला फोन केला, नोकरी सोडते म्हणाले. साहेबांनी आम्हा दोघांनाही काढलं नाही, कारण बिल्ल्यांचं काम कळणारं तिसरं कोणी नव्हतं. कारखान्याने चाचणी बंद केली.

रविवारी सकाळी मास्तरांचा फोन आला. वाशीला हॉस्पिटलमध्ये जातोय, येतेस का. मला जायचं नव्हतं. गेले.

केशव लातूरकडचा, पस्तिशीचा माणूस. बायको उशाशी बसली होती. मास्तरांनी आम्ही कोण ते सांगितलं, बिल्ले आमचेच हेही सांगितलं. मला वाटलं, आता तो ओरडेल. त्याने बराच वेळ पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "मी पडलो तवा माझा बिल्ला वरडला का न्हाई?"

"ओरडला," मास्तर म्हणाले. "चारशे वेळा."

"मग?"

"बाकीचे पन बोलत होते."

केशवने यावर विचार केला. मग अगदी सरळपणे म्हणाला, "माणूस पडल्यावर बाकीच्यांनी गप बसावं की."

आम्ही निघालो. जिना उतरताना मास्तर मधेच थांबले, कठड्याला धरून उभे राहिले. खाडीत एखादी होडी अडकली की बाकी सगळे सेट बंद ठेवतात, हे त्यांनी मला तिथे उभ्या उभ्या सांगितलं. कोणी शिकवलेलं नाही, पण लहान मुलांनाही ठाऊक असतं. सगळं हळू करण्याच्या नादात आपण हेच विसरलो, म्हणाले. जो पडलाय त्याने हळू बोलून कसं चालेल.

त्यानंतरचे सात महिने मी आयुष्यात सगळ्यात जास्त काम केलं. त्यांच्यावरचा राग कधी गेला ते कळलं नाही. बोलायला लागत होतं, म्हणून बोलत गेले. आम्ही प्रत्येक सेकंदाचे तुकडे पाडले. बिल्ल्यांनी आपापल्या तुकड्यात, हळू, शेजाऱ्याशी बोलायचं. पण प्रत्येक सेकंदातला एक छोटा तुकडा सगळ्यांनी रिकामा सोडायचा. दोनशे माणसं असोत की दोन हजार, त्या तुकड्यात कोणीही बोलायचं नाही. तो फक्त पडलेल्या माणसाचा. त्याने तिथे पूर्ण ताकदीने ओरडायचं, आणि ज्याला ज्याला ऐकू येईल त्याने आपलं बोलणं थांबवून तेवढीच हाक पुढे द्यायची. साहेब एकदा म्हणाले, रोज वाया जाणारी जागा आहे ही, कमी करता येणार नाही का? मास्तर काही बोलले नाहीत, पण या वेळी उठून घरीही गेले नाहीत. समोर बसून राहिले. तासाभराने साहेबांनीच तो विषय सोडला.

कारखान्याने पुन्हा चाचणीला परवानगी दिली तेव्हा केशव कामावर परतला होता. शिडीचं काम त्याला होण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याला गेटवर बसवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नोंदी करायला. पाळी बदलताना एकाने टाकीपाशी आडवं पडून राहायचं होतं. मीच पडणार होते. केशव म्हणाला, मी पडतो. सुरक्षा अधिकारी नको म्हणाले, मास्तरही नको म्हणाले. तो काठी टेकत गेला आणि त्याच टाकीखाली जाऊन पाठीवर झोपला. जोड आता बदललेला होता.

मी कंट्रोल रूममध्ये होते, मास्तर गेटवरच्या गर्दीत. सात वाजून गेले. माणूस तीस सेकंद हलला नाही की बिल्ला हाक देतो. मी ते तीस सेकंद मोजले, आणि नंतरच्या चौथ्या सेकंदाला पडद्यावर लाल अक्षरांत त्याचा नंबर आला. मी धावत टाकीपाशी गेले. तो अजून तसाच पडून होता, वर बघत. पोचली हाक, मी म्हटलं. त्याने विचारलं, किती वेळ? मी सांगितलं. मग मला हात दे म्हणाला, आणि उठला.

मास्तर साठ वर्षांचे झाल्यावर निवृत्त झाले. निरोप समारंभाला त्यांनी एकच अट घातली, भाषण एकाने करायचं. कोणी करायचं यावर इतका वाद झाला की शेवटी कोणीच केलं नाही. आम्ही वडापाव खाल्ले आणि ते घरी गेले. त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. नव्या मुलांना आता मी आठ दिवस पडद्यासमोर बसवते. त्यातली एक मुलगी पाचव्या दिवशी सोडून गेली. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, पाच दिवस पन चांगले हायत.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी सारसोळ्याला गेले होते. काहीच काम नव्हतं. ओटीवर मास्तर भावाचा एक सेट उघडून बसले होते. काकू आतून आमच्याशी बोलत होत्या, त्यांना मास्तरांची उत्तरं ऐकू येत नव्हती तरी बोलत होत्या. मग त्या मागच्या दारी गेल्या. मास्तरांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"त्या संध्याकाळी मला दिसलेलं," ते म्हणाले.

कुठल्या संध्याकाळी, ते मी विचारलं नाही.

"सहा वाजता घरच्या कॉम्प्युटरवर बघितलं. ताकद वाढवलेली. पुढे तुझं नाव. एक फोन केला असता तर तू कमी केली असतीस."

"लगेच केली असती," मी म्हणाले.

"बैठकीत मी सगळं सांगितलं, हे नाय सांगितलं. राग होता तुझ्यावर. म्हटलं, ही करेल फोन. वाट बघत बसलो."

मग जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तो आकडा साहेबांच्या नावानेही बदलता आला असता, त्यांनी त्यांचा पासवर्ड दिला होता. मी मुद्दाम माझ्या नावाने बदलला. मास्तर बघतील, मला झापतील, आणि आकडा परत खाली आणायला मला कारण मिळेल, असं वाटलं होतं. घरी जाऊन मी जेवेपर्यंत फोन समोर ठेवून बसले होते. तो वाजला नाही, तेव्हा मला वाटलं, म्हणजे त्यांना फारसं चुकीचं वाटलेलं नाही.

मास्तर म्हणाले, "केशवला सांगायला पायजे." उद्या, असं मी म्हणाले. त्याची पाळी तीनला सुटते, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवरून आम्ही तळोज्याला गेलो. केशव गेटबाहेर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता. आम्हाला बघून त्याला आनंद झाला. आधी मी सांगितलं, मग मास्तरांनी सांगितलं. आमचं संपल्यावर तो मास्तरांना म्हणाला, "हे तवाच सांगितलं असतं, तर मी तुमाला दवाखान्यात पाय ठिवू दिला नसता."

"म्हनूनच नाय सांगितलं," मास्तर म्हणाले.

बस आली. केशव उजव्या हाताने दांडा धरून चढला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत मास्तर रस्त्याच्या कडेला उभे होते. परत येताना त्यांनी स्कूटरवर मागून मला सांगितलं, रविवारी त्याच्या घरी जाऊ. मी विचारलं, त्याने दारच उघडलं नाही तर? रविवारी आम्ही गेलो. दोनदा कडी वाजवली आणि थांबलो. आत कुणाच्या तरी काठीचा आवाज आला, मग थांबला. मास्तर तिसऱ्यांदा वाजवू देईनात. आम्ही तसेच उभे राहिलो. दार उघडलं.